उशाशी कोण बसले?

साथीच्या रोगाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे मेलेल्यांची संख्या मिळते. भ्यालेल्यांची मिळत नाही. सरकारी दप्तरांत आजाऱ्यांचे तक्ते असतात, जाळलेल्या अंथरुणांच्या आणि उकरलेल्या जमिनींच्या नोंदी असतात. परंतु मध्यरात्री दचकून उठून काखेत गाठ आली की काय म्हणून चाचपून पाहणाऱ्या माणसाला धीर कोणी दिला, याचा तक्ता कोणत्याच कचेरीत ठेवलेला नसतो. तो इतिहास शोधावयाचा तर आडवाटेनेच जावे लागते.

मी शाळेत इतिहास शिकवतो. २२ जून १८९७ ही तारीख मुले न अडखळता सांगतात. गणेशखिंडीचा रस्ता, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, रँडसाहेब आणि चापेकर बंधू, सारे त्यांना ठाऊक असते. पण रँड पुण्यास आला तो कशासाठी, आणि त्याच्या येण्याआधी व गेल्यानंतर तापाने फणफणलेल्या हजारो माणसांचे काय झाले, हे विचारले की वर्ग गप्प होतो. त्यात मुलांचा दोष नाही. बंदुकीचा आवाज इतिहासात लांबपर्यंत ऐकू येतो. कण्हणे ऐकू येत नाही.

प्रथम मुंबईकडे पाहू. मांडवी बंदराजवळच्या दाटीच्या वस्तीत १८९६ च्या पावसाळ्याअखेर तापाने माणसे पटापट मरू लागली. गोदामांत उंदीर मरून पडत होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान जाहीर केले. हे निदान कोणालाच नको होते. बंदराचा व्यापार बुडेल म्हणून व्यापाऱ्यांना नको होते, आणि मरण दारात आले हे कबूल करावे लागेल म्हणून रहिवाशांनाही नको होते. पण ते खरे ठरले. १८९७ चा फेब्रुवारी उजाडेतो जवळजवळ निम्मी मुंबई कोकणात, घाटावर, गुजरातेत, जिथे ज्याचे गाव होते तिथे निघून गेली होती. कित्येकांनी जाताना रोगही सोबत नेला.

त्या वेळच्या वैद्यकाच्या हाती काय होते, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढची कथा नीट उमगत नाही. प्लेगचा जंतू येर्सिन याने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोणाला निश्चित माहीत नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदराच्या पिसवांवर बोट ठेवले ते १८९८ साली, कराचीत. आणि शास्त्रज्ञांनी ते मान्य करावयास आणखी काही वर्षे घेतली. तोवर रोग घाणीत असतो, जमिनीत असतो, हवेत असतो, कपड्यांत असतो असे तर्क चालले होते. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. उंदीर मात्र शेजारच्या घरात निवांत होता.

औषध नव्हते. ताप उतरवणारी, झोप आणणारी, हृदयाला बळ देणारी काही द्रव्ये होती; गाठीवर शेक होता; बाकी सारी शुश्रूषा. तोंडात पाण्याचे थेंब सोडणे, पेज भरवणे, भ्रमात उठून पळणाऱ्याला धरून ठेवणे, घाम पुसणे. शंभरांत वाचणारे जे थोडे असत, त्यांत अशा उशाशी बसणाऱ्याचा वाटा मोठा असे. म्हणजे रोग्याला जे खरोखर उपयोगी पडत होते ते एकच, जवळचे माणूस. आणि सरकारने पहिला घाला घातला तो नेमका त्याच्यावर.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. मूळ कायदा चारच कलमांचा. पहिल्यात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला वाटेल ते उपाय करण्याचा अधिकार, तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्यात कायद्याप्रमाणे वागणाऱ्या अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण. रोग्याला काय मिळावे, याविषयी एक ओळ नाही. एवढ्या आखूड कायद्यात एवढी मोठी जागा रिकामी राहावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

या कायद्याखाली रोग्याला उचलून इस्पितळात न्यावयाचे आणि घरच्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवावयाचे असा परिपाठ पडला. कागदावर ही योजना समंजस दिसते. परंतु इस्पितळात गेलेला परत येत नाही, असा लोकांचा अनुभव होता. आणि तो खोटा नव्हता. भीतीने लोक रोग्याला शेवटपर्यंत लपवून ठेवीत, अगदी घरघर लागली म्हणजेच तो सापडे, आणि मग इस्पितळात पोचल्यावर काही तासांत जाई. लपवल्यामुळे तो मरे, आणि मेल्यामुळे दुसरे लपवीत. हे चक्र एकदा फिरू लागले की हुकुमांनी थांबत नाही.

अशा वेळी अफवा जन्माला येतात. मुंबईत बोलले जात असे की, डॉक्टर रोग्यांना उलटे टांगून त्यांच्यातून मोमियाई काढतात. १८९६ च्या ऑक्टोबरात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्याच्या रागाने राणीने मुंबईकरांची काळजे मागितली आहेत, असेही पसरले. आज आपण हसतो. पण अफवा ही घाबरलेल्या मनाने स्वतःला दिलेली समजूत असते. आपले माणूस अनोळखी लोक घेऊन जातात, आपल्याला आत सोडत नाहीत आणि दोन दिवसांनी प्रेतही नीट दाखवीत नाहीत, या न उलगडणाऱ्या गोष्टीला लोकांनी आपल्या परीने लावलेला तो अर्थ होता. त्याच महिन्यात गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. ज्या इस्पितळात डॉ. चोक्सींसारखे डॉक्टर जिवावर उदार होऊन राबत होते, त्याच्यावरच दगड पडले. डॉक्टरांची सेवा खरी होती आणि कामगारांची भीतीही खरी होती. दोहोंना जोडणारे माणूस तेवढे मधे नव्हते.

पुण्यास १८९७ च्या मार्चमध्ये जे झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. घरोघरच्या तपासण्यांना गोरे सोजीर लावले. देवघरात आणि स्वयंपाकघरात बूट गेले, सामानसुमानाची होळी झाली, बायकामाणसांची तपासणी परक्या पुरुषांपुढे झाली म्हणून शहर पेटले. त्यातला किती भाग अतिरेकाचा आणि किती नाइलाजाचा, याचा वाद तेव्हापासून चालू आहे. मला त्यात शिरावयाचे नाही. मला एवढेच दिसते की रोगाची भीती आणि उपायाची भीती यांत पुणेकराला दुसरी अधिक वाटू लागली होती. ज्या दिवशी असे होते, त्या दिवशी कोणतीही आरोग्यव्यवस्था हरलेली असते, मग तिच्या हाती कितीही फौज असो.

परंतु त्याच पुण्यात दुसरेही काही चालले होते. शहरातील पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी बाहेर पडली असताना टिळक पुण्यात राहिले. हिंदू रोग्यांसाठी वेगळे इस्पितळ निघाले, त्यात त्यांचा पुढाकार होता. विलगीकरणाच्या छावणीत लोकांची जेवणाची व्यवस्था व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली. प्लेगने त्यांच्या घरीही पुढे हात घातलाच. १९०३ साली थोरला मुलगा विश्वनाथ याच रोगाने गेला. हिंदू इस्पितळात औषधे काही निराळी नव्हती. निराळे होते ते वातावरण. पाणी कोण देतो ते माहीत होते, बोललेले समजत होते, नातेवाईक येऊन बसू शकत होता. तिकडे मुंबईतही पारशी, खोजे, मेमण, भाटिये, जैन अशा जमातींनी आपापली इस्पितळे उघडली, आणि सरकारी इस्पितळाचे नाव काढताच दार लावून घेणारी माणसे या इस्पितळांत आपल्या पायांनी येऊ लागली. तीच लस, तोच चुना, तेच कार्बोलिक. पण उशाशी ओळखीचा चेहरा.

येथे थांबून या चित्राचा जमाखर्च मांडला असता तर लेख गोड झाला असता. पण एक आकडा राहून जातो. प्रत्येक जातीने आपापल्या माणसांसाठी इस्पितळ काढले, हे खरे. मग ज्यांची जातच कोणी जवळ करीत नव्हते, त्यांच्या उशाशी कोण बसले? ज्यांच्या वस्तीत वैद्य एरवीही जात नसे, त्यांच्याकडे साथीत कोण जाणार होते? आपुलकीला कुंपण असते. आपल्या माणसासाठी जीव टाकणारा समाज कुंपणापलीकडच्याला अनोळखीच समजतो. आणि त्या अर्थाने महारवाड्यातला रोगी सरकारी इस्पितळातही परका होता आणि आपल्याच गावातही.

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याच्या पूर्वेला, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात मिळते. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. जोतीरावांना जाऊन सहा वर्षे उलटली होती. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा डॉक्टर होऊन लष्करी नोकरीत होता. प्लेग सुरू झाल्यावर तो आला, आणि मळ्यात मोकळ्या हवेत रोग्यांसाठी दवाखाना उघडला. डॉक्टर मुलगा होता; पण रोगी आणावयाचे काम आईने उचलले. वस्त्यावस्त्यांतून जाऊन, कोणी हात लावीत नाही अशा आजाऱ्याला त्या घेऊन येत. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा आजारी पडल्याचे कळताच त्या तिकडे गेल्या आणि पाठीवर घेऊन त्याला दवाखान्यात पोचवले. त्यातच त्यांना प्लेगने धरले. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्या वारल्या. त्याच आठवड्यात पुण्यात सोजिरांच्या तपासण्यांना सुरुवात झाली.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतो. एकाच आठवड्यात, एकाच शहराच्या आसपास, रोग्याला घरातून बाहेर काढण्याच्या दोन तऱ्हा दिसल्या. दोहोंतही रोगी घरातून हलवला जात होता; दोहोंतही विलगीकरण होते. फरक उचलणाऱ्या हातात होता. सोजीर रोग्याला घेऊन गेला की घराला वाटे, आपले माणूस गेले. सावित्रीबाईंनी पाठीवर घेतले की वाटत असेल, आपल्या माणसाला कोणी तरी आहे. ज्या बाईवर एके काळी शाळेत जाताना शेणगोळे फेकले गेले, तिनेच पन्नास वर्षांनी अस्पृश्याच्या पोराला पाठीशी लावावे, यात तिच्या आयुष्याची सरळ रेघ दिसते. शाळेत जी बसवली तीच मुले आता मळ्यात आणली, एवढेच.

त्याच दिवसांत पंडिता रमाबाई पुण्यात होत्या. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी मुली आणल्या होत्या. सरकारी प्लेग-इस्पितळात आपल्या एका मुलीची जी हेळसांड झाली, तिच्याविषयी त्यांनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात उघड लिहिले. तो मजकूर पार्लमेंटपर्यंत गेला आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने तो नाकारला. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी मित्रांच्या पत्रांवर विसंबून सोजिरांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा पुढे करता आला नाही म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीबद्दल त्यांना पुष्कळ बोल बसले. पुढचे मात्र कमी सांगितले जाते. माफी मागून गोखले घरी बसले नाहीत. प्लेगच्या स्वयंसेवकांत जाऊन त्यांनी काम केले. तपासणीच्या पथकाबरोबर ओळखीचा, आपल्या भाषेत बोलणारा माणूस असला की दार कसे निराळे उघडते, हे पुण्याने तेव्हा पाहिले.

खेड्यांतली तऱ्हा आणखी वेगळी. उंदीर पडला की गाव उठावयाचे. घराला कुलूप घालून माणसे, गुरे, भांडी, पोती घेऊन माळावर किंवा मळ्यात झोपड्या घालावयाच्या आणि दोन-चार महिने तिथेच काढावयाचे. पिसवांचे शास्त्र कोणाला ठाऊक नव्हते; पण उंदीर आणि घर सोडले की रोग मागे राहतो, एवढे डोळ्यांनी दिसत होते. पुढे सरकारी डॉक्टरही हाच उपाय सांगू लागले. या उपायात आणखी एक गुण होता, तो शास्त्राच्या पुस्तकांत नाही. अख्खे गाव एकत्र बाहेर पडे. शेजार मोडत नसे. पाटलाची झोपडी आणि कुणब्याची झोपडी एकाच माळावर, चुलीचा धूर एकाच वाऱ्यावर. रात्री कोणाच्या झोपडीत रडणे ऐकू आले की उठून जाणारे कोणी असे. अर्थात माळावरही महारांच्या झोपड्या अंतर राखूनच असत, हे विसरून चालणार नाही.

मरीआईचा गाडाही निघे. लिंबाचे टहाळे, हळदकुंकू, नैवेद्य घालून गाडा वाजत गाजत शिवेबाहेर न्यावयाचा, म्हणजे रोग त्या गाड्यातून जाईल. शिवेपलीकडच्या गावाने तो आणखी पुढे ढकलावयाचा. या प्रकाराने एकही रोगी बरा झाला नाही, आणि गर्दीने रोग वाढलाही असेल. माझ्यातला शिक्षक त्याचे समर्थन करू शकत नाही. पण माझ्यातला कादंबरीकार विचारतो की गाड्याच्या दिवशी गाव काय मिळवीत होते? काही तरी करता येते, आणि ते सगळ्यांनी मिळून करावयाचे असते, ही भावना. हताश मनाला तेवढाही आधार पुष्कळ वाटतो. ज्याला गाडा बंद करावयाचा आहे, त्याने गाड्याची जागा भरून काढणारे दुसरे काही दिले पाहिजे. केवळ हसून चालत नाही.

सरकारही शेवटी शिकले, पण किंमत देऊन. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत एका विणकर कुटुंबातील आजारी मुलीला तपासावयास गेलेल्या पथकावरून दंगल उसळली आणि गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर सक्ती सैलावली. घरी उपचार करू देणे, जमातींच्या पुढाऱ्यांना बरोबर घेणे, देशी डॉक्टरांचा शब्द मानणे, हे हळूहळू सुरू झाले. लसीचेही तसेच. ओडेसाहून आलेल्या हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरी लोक पुढे येईनात. आगाखानांनी चारचौघांत टोचून घेतली, तेव्हा खोजे रांगा लावू लागले. १९०२ साली पंजाबात मलकोवाल येथे एका बाटलीतील दोषाने १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा हाच विश्वास एका दिवसात कोसळला. हाफकिन निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. विश्वास शिवावयास वर्षे लागतात, उसवावयास एक दिवस पुरतो.

प्लेगने हिंदुस्थानात पुढच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. तो ओसरतो न ओसरतो तोच १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबईच्या गोदीपासून सुरुवात झाली. दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मेली. त्या वर्षी पाऊसही रुसला होता. देशभरातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीच्या पुढे जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मानमोडीने म्हातारे सोडले आणि वीस ते चाळीस वर्षांची कर्ती माणसे नेली. घरातला उशाशी बसणाराच आधी आडवा झाला. इतक्या मोठ्या संख्येला वेगळे ठेवणे सरकारला शक्यच नव्हते. मग काम केले ते वस्तीतल्या मंडळींनी. ना. म. जोशी यांनी १९११ साली काढलेली सोशल सर्व्हिस लीग, जातींच्या संस्था, स्वयंसेवक चाळीचाळींत औषध आणि दूध घेऊन फिरले. प्लेगच्या वीस वर्षांत मुंबईने निदान एवढे शिकून घेतले होते की रोग्याला ओढून आणण्यापेक्षा त्याच्या दाराशी जावे. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ पासून मध्यमवर्गातील स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले होते. परक्याच्या उशाशी बसणे हे हलके काम नव्हे, ती विद्या आहे, असे समाजाला पटवण्याचे ते काम होते. आणि सावित्रीबाईंनी पाठीवरून जे नेले, त्याचाच तो पुढचा टप्पा मानावयास हरकत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली, तेव्हा तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. जंतूचे शास्त्र शंभर पटींनी पुढे गेले होते; लस वर्षाच्या आत तयार झाली. पण रुग्णालयाच्या काचेपलीकडे एकटे पडलेले माणूस, आणि अंत्यदर्शनही न घडलेले कुटुंब, हे चित्र मुंबईच्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेलेच होते. गावच्या वेशीवर काटे टाकून आलेल्या आपल्याच माणसांना अडवणारी गावेही दिसली, आणि घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या, शिव्या खाऊनही दुसऱ्या दिवशी परत येणाऱ्या आशाताईही दिसल्या. मनाच्या दुखण्याला सरकारने दुखणे म्हटले, ही मात्र नवी गोष्ट. २०२२ च्या ऑक्टोबरात टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा सुरू झाली. मध्यरात्री घाबरलेल्या माणसाला पलीकडून कोणी तरी 'बोला' म्हणावे, यासाठी सरकारी खर्च मंजूर होतो, हे १८९७ च्या कोणत्याही प्लेगकमिटीला सुचले नसते.

तरीही तारेवरचा आवाज पाणी पाजू शकत नाही. पुढची साथ कोणती आणि केव्हा, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा खाटा मोजल्या जातील, प्राणवायूच्या टाक्या मोजल्या जातील, आणि मोजल्याच पाहिजेत. त्याबरोबर प्रत्येक गल्लीने, प्रत्येक वाडीने आणखी एक मोजणी आजच करून ठेवावी. आपल्याकडे एकटे कोण राहते? कुंपणाबाहेर कोण आहे? त्याला ताप आला तर त्याच्या दारात पहिला कोण जाईल? या यादीतील शेवटच्या रकान्यात नाव भरले गेले की निम्मी साथ तिथेच हटते. तो रकाना रिकामा असला, तर मुंढव्याहून हडपसरला पाठीवर पोर घेऊन निघालेल्या त्या वृद्ध बाईची पुण्यतिथी आपण दर वर्षी साजरी करतो, ती नुसतीच तारीख राहते.